चाळीस पंक्चर आणि पुढची वाट

भाकरी थापता थापता, शेळ्यांना पाला टाकता टाकता आमचं बोलणं ऐकणाऱ्या सगळ्या तायांना, वहिनींना आणि आजींना आम्हा सहयोगिनींचा नमस्कार.

आजचा विषय आहे सायकल. सायकल आपल्याला नवी नाही. मुलगी आठवीत गेली की शाळेतून मिळते, बारावीपर्यंत चालते आणि मग गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहते. तिच्यावर गोणपाट पडतं, संध्याकाळी कोंबड्या चढून बसतात. गावोगावी बैठकांना जाताना आम्हाला अशा कितीतरी सायकली दिसतात. का हो चालवत नाही, असं विचारलं की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं. "पडली होती एकदा. मग आम्हीच म्हटलं, बास झालं."

मुलगा पडला तर त्याच्या गुडघ्याला हळद लावतात आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघतो. मुलगी पडली की सायकलच बंद होते. म्हणून आज आपण इतिहासात डोकावून पाहू. जगात ज्या बायका सायकलवरून शेकडो, हजारो मैल गेल्या, त्या पडल्या नव्हत्या का? त्यांना वाटेत काय काय भोगावं लागलं? त्यांनी काय पाहिलं? आणि त्या गेल्या तेव्हा त्यांचं घर कोण बघत होतं? हा शेवटचा प्रश्न पुरुषांच्या प्रवासात कोणी विचारत नाही, पण आपल्या मनात तो सगळ्यात आधी येतो. म्हणून तोही विचारू.

सायकल आली कशी

आज आपण पाहतो तशी सायकल, म्हणजे दोन्ही चाकं सारखी आणि पेडल मारल्यावर चेनने मागचं चाक फिरणारी, पहिल्यापासून नव्हती. आधी पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आणि मागचं अगदी लहान, अशी सायकल असायची. तिच्यावर चढणं ही कसरत होती आणि पडलं तर थेट तोंडावर. लांब घोळदार झगे घालणाऱ्या तिकडच्या बायकांना तर ती चालवणं अवघडच होतं. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली या कारागिराने सारख्या चाकांची, चेनवाली सायकल बाजारात आणली. पुढे 1888 साली डनलॉप नावाच्या माणसाने हवेचा टायर काढला. हे डनलॉप मूळचे गुराढोरांचे डॉक्टर. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळायची, म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली. आपण ज्याला पंक्चर म्हणतो ते दुखणंही त्या दिवसापासून सुरू झालं, कारण हवाच नव्हती तोवर ती जाण्याचा प्रश्न नव्हता.

सायकल बसायला सोपी झाली तशा युरोप-अमेरिकेतल्या बायका तिच्यावर बसू लागल्या. लगेच ओरड सुरू झाली. बाईने सायकल चालवली तर तिचा चेहरा कायमचा ताठर आणि ओढलेला होतो, असं तेव्हाचे काही डॉक्टर सांगायचे. त्या दुखण्याला त्यांनी 'सायकल चेहरा' असं नावही दिलं होतं. आपल्याकडे "सायकल चालवली की मुलीच्या अंगाला बरं नसतं" असं अजूनही कुजबुजत सांगतात, त्याचंच हे तिकडचं भावंड. बायकांनी ऐकलं नाही. झग्याचा घोळ चाकात अडकायचा, तर मागच्या चाकावर जाळी आली. आपल्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला साडीसाठी जाळी असते ना, तिचा उगम तिथला. तरीही अडचण उरली तेव्हा काहीजणींनी झगा सोडून घोळदार विजार घातली. त्यावरूनही गदारोळ झाला, पण सायकल थांबली नाही.

डुकरांच्या कळपात शिरलेली बाई

अमेरिकेत बोस्टन शहरात अॅनी कोपचोव्हस्की नावाची बाई राहायची. लॅटव्हिया देशातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातली. नवरा फेरीवाला, पदरात तीन लहान मुलं. पोटासाठी ती वर्तमानपत्रांना जाहिराती मिळवून द्यायची. वय जेमतेम चोवीस. 1894 सालच्या जून महिन्यात ती सायकलवरून जगाची फेरी मारायला निघाली. एका पाण्याच्या कंपनीने तिला शंभर डॉलर दिले आणि त्या बदल्यात तिने सायकलला त्या कंपनीची पाटी लावली. एवढंच नाही, आडनावही कंपनीचंच घेतलं, 'लंडनडेरी'. निघण्याच्या काही दिवस आधीच ती सायकल शिकली होती.

सुरुवातीची सायकल 42 पौंडांची, म्हणजे जवळपास 19 किलोची होती आणि अंगात लांब झगा. शिकागोपर्यंत जाता जाता तिचे हाल झाले. तिथे तिने सायकल बदलली. निम्म्या वजनाची, पुरुषांची सायकल घेतली आणि कपडेही बदलले. पुढे फ्रान्समध्ये उतरल्यावर तिथल्या जकातवाल्यांनी तिची सायकल अडवून ठेवली. मार्सेय गावात ती पोहोचली तेव्हा एका पायाला पट्टी बांधलेली होती आणि दुसऱ्या पायाने ती पेडल मारत होती, असं वर्णन आहे. पुढचा बराच प्रवास तिने बोटीने केला. तेव्हाही तिच्यावर टीका झाली की ही जगप्रवास सायकलवर कमी आणि बोटीवर जास्त करते. ती परत अमेरिकेत उतरली आणि रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने वाळवंट ओलांडून शिकागोकडे निघाली. प्रवास संपत आलेला, आणि आयोवा प्रांतातल्या एका गावाजवळ ती डुकरांच्या कळपात शिरली. मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घालून ती उरलेली वाट चालली आणि सप्टेंबर 1895 मध्ये शिकागोला पोहोचली.

अॅनीताई गोष्टी रंगवून सांगायच्या. हिंदुस्थानात आपण जर्मन राजघराण्यातल्या लोकांबरोबर वाघाची शिकार केली, असं त्या भाषणांतून सांगायच्या. अभ्यासकांचा त्यावर विश्वास नाही. दोन श्रीमंतांनी पैज लावली म्हणून आपण निघालो, असंही त्या सांगायच्या, पण ती पैज खरी होती का याचीही शंकाच आहे. वाघ खोटा असेल, पण डुकरं आणि मोडलेलं मनगट खरं आहे. गंमत पाहा, शौर्य म्हणून सांगायला वाघ लागतो, पण रस्त्यावर माणूस पडतं ते डुकरं, कुत्री आणि शेळ्यांमुळे.

आणि घर? मुलांकडे त्यांचे वडील बघत होते. एका फेरीवाल्याने सव्वा वर्ष तीन पोरं सांभाळली. इतिहासात त्यांचं नाव कोणी मोठं करत नाही, पण आपण त्यांची आठवण ठेवायला हवी.

एका दिवसात चाळीस पंक्चर

आता आपल्याच देशातल्या रस्त्यांवर येऊ. फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकेतल्या एका राज्याच्या गव्हर्नरची मुलगी. पैशाला कमी नव्हती. नवरा विल्यम डॉक्टर, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. दोघांनी आधी अल्जीरिया आणि स्पेन सायकलवरून पालथं घातलं. मग नोव्हेंबर 1897 मध्ये श्रीलंकेमार्गे ती दोघं हिंदुस्थानात आली. फॅनीचं वय तेव्हा अडतीस. त्यांनी जो सायकलप्रवास केला तो सुमारे 14,000 मैलांचा, म्हणजे साधारण 22,500 किलोमीटरचा. त्यावर दोघांनी 1904 साली जाडजूड पुस्तक काढलं.

त्या काळी डांबरी रस्ते नव्हते. खडीचे, मुरमाचे, नाहीतर बैलगाड्यांच्या चाकोरीचे. सायकलवर त्यांच्याबरोबर काय असायचं ऐका: चहा, साखर, बिस्किटं, चीज, डब्यातलं मांस, पाणी, उशा, प्रत्येकी एक कांबळं, लिहायचं सामान, औषधं आणि सायकल दुरुस्तीचं साहित्य. एवढ्यावर माणसं महिनोन्‌महिने निघाली होती. कधी पाणी संपायचं, कधी खायला मिळायचं नाही. डासांचे थवे अंगावर यायचे. उंदीर फिरताहेत अशा खोल्यांत रात्र काढावी लागायची. आणि एखाद्या दिवशी टायरला चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागायची.

चाळीस! आपण हिशेब करून पाहू. चाक काढायचं, टायर सोडवायचा, ट्यूब बाहेर ओढायची, पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, जागा घासायची, सोल्युशन लावायचं, ते जरा वाळू द्यायचं, ठिगळ चिकटवायचं, टायरच्या आत काटा राहिला नाही ना हे बोटाने चाचपायचं, आणि पुन्हा हवा मारायची. हात बसलेल्या माणसालाही एका पंक्चरला पंधरा-वीस मिनिटं जातात. तेव्हा चाळीस पंक्चरांचा दिवस म्हणजे दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून काढलेला दिवस. त्या दिवशी किती मैल झाले हे कोणी विचारलं तर उत्तर द्यायला लाज वाटेल. पण दुसऱ्या दिवशी ती दोघं पुन्हा निघायची. असे दिवस धरूनच त्यांचे 14,000 मैल झाले.

वाटेत त्यांनी पाहिलं काय? फॅनीला देवळांचं आणि जुन्या कोरीवकामाचं वेड होतं. येण्याआधी आणि वाटेतही तिने रामायण, महाभारत, जातककथा वाचल्या. देवळांपुढे ती तासन्‌तास थांबायची, फोटो काढायची, टिपणं ठेवायची. एका बाईने इतक्या लांबून येऊन आपल्या गावांतल्या दगडांकडे इतकं निरखून पाहावं, याचं कौतुक आहेच. पण एक गोष्ट खटकते. दगडातल्या माणसांवर तिने भरभरून लिहिलं, समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांवर त्या मानाने फारच थोडं. तो काळ कसला होता? 1896 पासून मुंबई इलाख्यात प्लेग होता. 1896-97 चा दुष्काळ नुकताच सरलेला आणि 1899-1900 चा त्याहून मोठा यायचा होता. त्याच रस्त्यांनी आपल्या पणज्या-खापरपणज्या डोक्यावर पाटी घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. सत्ता गोऱ्यांची होती, आणि सायकलवर बसलेली बाई बाई असली तरी गोरी साहेबीण होती. सगळेच रस्ते तिला जसे मोकळे होते तसे इथल्या बाईला नव्हते. इतिहास ऐकताना हेही लक्षात ठेवायला हवं.

पुढे फॅनीने हिमालयातली शिखरं चढली. 1912 साली काराकोरमच्या पठारावर, सुमारे 21,000 फुटांवर तिने हातात एक छापील कागद धरून फोटो काढून घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'बायकांना मताचा हक्क'. तेव्हा तिच्या देशातल्या बहुतेक बायकांना तो हक्क नव्हता.

आईची सेवा करून निघालेली

तिसरी बाई आयर्लंडची, डर्व्हला मर्फी. हिच्या दहाव्या वाढदिवसाला घरच्यांनी दोन वस्तू दिल्या, एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक. त्या पोरीने तेव्हाच मनाशी ठरवलं की सायकलने हिंदुस्थानला जायचं. पण तिची आई सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेली होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि डर्व्हला आईची सेवा करू लागली. एक-दोन वर्षं नाही, सोळा वर्षांहून जास्त. मधे मधे थोडे दिवस मिळाले तर ती जवळच्या देशांत सायकलने जाऊन यायची. वडील गेले, मग 1962 मध्ये आई गेली. आणि जानेवारी 1963 मध्ये, एकतिसाव्या वर्षी ती निघाली.

त्या वर्षी युरोपात थंडीने कहर केला होता. रस्ते बर्फाने गोठलेले. तिने आधीच हिशेब करून जादा टायर वाटेतल्या वेगवेगळ्या शहरांत पोस्टाने पाठवून ठेवले होते. सायकलचे गिअर काढून टाकले होते, कारण असल्या रस्त्यांवर ते बिघडणार आणि वाटेत दुरुस्त करणार कोण? जेवढा पसारा कमी तेवढी मोडतोड कमी, हा तिचा विचार. बरोबर एक लहान पिस्तूल होतं आणि ते चालवायला शिकली होती. युगोस्लाव्हियात लांडगे अंगावर आले तेव्हा ते वापरावं लागलं. सायकल चोरायला आलेल्यांना घाबरवायलाही ते उपयोगी पडलं.

पण तिला सगळ्यात मोठी दुखापत कुठे झाली माहीत आहे? सायकलवर नाही. अफगाणिस्तानात ती एकदा बसमध्ये बसली. बसमध्ये भांडण जुंपलं आणि कोणाच्या तरी बंदुकीचा दस्ता तिच्या बरगड्यांवर बसला. बरगड्या मोडल्या. "सायकलवर नको, गाडीने जा, सुरक्षित आहे" असं आपल्याला सांगतात तेव्हा ही गोष्ट आठवावी. आणि त्याच अफगाणिस्तानच्या लोकांवर तिने सगळ्यात जास्त जीव लावला. तिथल्या डोंगरांचं, चहाचं, अनोळखी बाईला घरात घेणाऱ्या माणसांचं तिने मनापासून कौतुक लिहिलं. एका धक्क्याने तिने सगळ्या मुलखाला वाईट ठरवलं नाही.

जुलै 1963 मध्ये ती दिल्लीला पोहोचली. सगळा खर्च झाला सुमारे 64 पौंड. मग ती परत न जाता हिमाचलात धरमशाळेला गेली आणि तिबेटहून आलेल्या निर्वासित मुलांच्या छावणीत काम करू लागली. सेवा करायची सवय होतीच. पुढे तिने लिहिणं हेच पोटाचं साधन केलं. 2022 साली, नव्वदाव्या वर्षी ती वारली.

गटातल्या किती तायांनी सासूची, आईची, आजारी नवऱ्याची सेवा करता करता आपली उमेदीची वर्षं घालवली, ते आम्ही पाहतो. "आता काय उरलंय" असं त्या म्हणतात. डर्व्हलाताईचीही ती वर्षं परत आली नाहीत. पण दहाव्या वर्षी ठरवलेली वाट तिने एकतिसाव्या वर्षी धरली.

पुदुकोट्टईच्या बायका

या तिघी एकेकट्या होत्या. आता आपल्यासारख्या, गावातल्या, गटागटाने निघालेल्या बायकांकडे येऊ. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. कोरडवाहू शेती, दगडाच्या खाणी, गरिबी. 1991 च्या सुमाराला तिथे साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. तिचं तमिळ नाव 'अरिवोळी', म्हणजे ज्ञानाचा उजेड. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या लक्षात आलं की बाईला नुसती अक्षरं येऊन भागत नाही, तिला घराबाहेर जाता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. बँकांना सांगून बायकांना सायकलीसाठी कर्ज मिळवून दिलं.

पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहिलं आहे. एक लाखाहून जास्त बायका सायकल शिकल्या. शिकणाऱ्या बहुतेक नवसाक्षर. कोणी शेतमजूर, कोणी खाणीत दगड फोडणाऱ्या, कोणी अंगणवाडीच्या, कोणी शाळेच्या बाई. आधी शिकलेली नंतर येणारीला शिकवायची. सुरुवातीला रस्त्यात त्यांच्यावर घाणेरडे शेरे मारले गेले, चारित्र्यावर बोललं गेलं. खरचटलेल्या गुडघ्यापेक्षा ते जास्त लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण एकटी असती तर घरी बसली असती, तिथे रांगच्या रांग होती. शेरे मारणारा किती जणींना मारणार?

मजेची गोष्ट अशी की तिथे लेडीज सायकली कमी पडल्या. मग बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहीजणींनी तर त्याच पसंत केल्या. का? पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून! दांडीवर लेकरू आणि मागे कॅरिअरला पाण्याचं भांडं, अशी सायकल तिथल्या रस्त्यावर दिसू लागली. बसची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला. पूर्वी माल विकायला एकाच गावात जाता यायचं, तिथे चार गावं होऊ लागली. संध्याकाळी घरी लवकर पोहोचता येऊ लागलं. आधी नाकं मुरडणारे नवरे आणि भाऊ मग गप्प झाले.

बिहारनेही 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी तपासलं तर माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढली होती, आणि वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत होती. आपल्या महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. गोठ्याच्या भिंतीला टेकलेल्या सायकली त्यातल्याच. शाळा संपली की सायकलचं काम संपलं, असं आपण का धरून चालतो?

आपल्या मातीतली माणसं

मुंबईहून 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. साडेचार वर्षांनी, मार्च 1928 मध्ये फेरी पुरी करून परतले ते तिघे: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा. बाकीचे तिघे वाटेतच गळले. पण म्हणून "पुरुषांच्या जातीला हे जमायचं नाही" असं कोणी म्हटलं नाही.

आणि अलीकडची आपली पुण्याची वेदांगी कुलकर्णी. 2018 साली ऑस्ट्रेलियातून ती निघाली. वय विशीच्या आसपास. 14 देश, सुमारे 29,000 किलोमीटर, 159 दिवस. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये सुरीचा धाक दाखवून तिला लुटलं, रशियात बर्फात एकटीने रात्री काढल्या. डिसेंबर महिन्यात ती कोलकात्याला पोहोचली. घरच्यांनी "बास झालं" म्हणायला कारणं भरपूर होती.

आपल्या रस्त्यावरचं

आपल्याला जगप्रवास करायचा नाही. आपल्याला आठवडी बाजार, बँक, दवाखाना, ग्रामसंघाची बैठक आणि फार तर तालुक्याचं गाव गाठायचं आहे. पण पाच-सात मैलांच्या वाटेवरही पंक्चर तसंच होतं. आमच्या भागात कुंपणासाठी वेड्या बाभळीच्या फांद्या रस्त्याने ओढत नेतात, आणि मग आठवडाभर तिथून जाणाऱ्या प्रत्येक सायकलची हवा जाते. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये बसते आणि चाक फिरत नाही, काडीने उकरावं लागतं. पदर किंवा ओढणी चाकात जाते. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात.

पण त्याच वाटेवर दिसतंही खूप. वडापमध्ये कोंबून बसल्यावर दिसतं ते पुढच्या माणसाचं डोकं. सायकलवरून दिसतं की कोणाच्या शेतात करडई फुलावर आली, कोणत्या विहिरीला अजून पाणी आहे, कोणत्या वस्तीवर बाळंतीण आहे, आणि कोणती मुलगी शाळेच्या वेळेला शेळ्यांमागे आहे. गावातल्या अर्ध्या अडचणी आम्हाला कागदावरून कळलेल्या नाहीत, अशा थांबून बोलण्यातून कळल्या आहेत.

आमच्या एका गावातली ताई बाजाराला सायकलवर अंडी घेऊन जायची. कॅनॉलच्या रस्त्याला कुत्रं आडवं आलं, ती पडली, हात खरचटला आणि दोन ट्रे अंडी फुटली. घरच्यांनी सायकल विकायला काढली. त्या महिन्याच्या बैठकीत गटाने खडूने फरशीवर हिशेब मांडला. एका बाजूला फुटलेली अंडी, एकदाच. दुसऱ्या बाजूला वडापचं जायचं-यायचं भाडं आणि ट्रेचं वेगळं, दर आठवड्याला. ताईच्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग अंडी भुशात घालून नेत जा की." सायकल राहिली. अंडी आता डब्यात, भुशात बसून जातात.

म्हणून मैत्रिणींनो, येत्या बैठकीत चार गोष्टी करा. गावात बंद पडलेल्या सायकली किती आहेत ते मोजा. गटाच्या पैशातून एक पंप, सोल्युशन, ठिगळं आणि दोन पाने घेऊन एका घरी ठेवा. जिला पंक्चर काढता येतं तिने दुसऱ्या दोघींना शिकवावं. येत नसेल कोणाला तर दुकानदारदादांना अर्धा तास बोलवा, ते नाही म्हणायचे नाहीत. आणि जिला नवी सायकल हवी तिचा अर्ज आला तर शेळीच्या, शिलाई मशीनच्या कर्जासारखाच तो विचारात घ्या, कारण तीही कमाईचीच वस्तू आहे.

आणि कोणी पडलं, तर आधी हळद लावा. नंतर विचारा, चेन बसवली का?

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.